लाखीच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. बैलाचा नव्हे, शिकारी कुत्रीचा. सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात, घराच्या वाशामागे, मी कित्येक वर्षे कोंबलेला आहे.

माझा जन्म रनाळ्याच्या बाजारात झाला. म्हशीचे कातडे, त्यात बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेपासून ठोकलेले खिळे, टोके बाहेर. माझा मालक वाहरू तेव्हा विशीतला, नुकतेच लग्न झालेला. त्याने माझ्या बदल्यात मधाचे भरलेले मडके दिले. बायको, कालीबाई, म्हणाली, "मन्हा गळामा मणी नही, अन् कुत्रीले लोखंड!" पण पहिल्यांदा मला लाखीच्या गळ्यात तिनेच बांधले.

लाखी लाखेच्या रंगाची होती. पायांनी लांब, पोटाने खपाटीला गेलेली. रानात निघताना ती माझ्या खुंटीखाली येऊन मान वर करी. मला खुंटीवरून काढले की तिचे शेपूट थांबत नसे.

एकदा नाल्यात बिबट्याने तिची मान धरली. माझे खिळे त्याच्या टाळूत शिरले. तो रक्त ओकत पळाला. त्या दिवशी गावाने मला हात लावून पाहिले. मी फार फुगलो, मित्रांनो.

आमच्या गावात रीत होती. होळीनंतर सारा गाव शिकारीला जाई. जे कुत्रे जनावराला आधी धरील, त्याला मांसात माणसाएवढा वाटा. चार वर्षे तो लाखीने नेला. गावातल्याच आमशाचा कुत्रा दर वेळी मागे राही. पाचव्या वर्षी, शिकारीच्या आदल्या संध्याकाळी, आमशा साऱ्यांसमोर बोलला, "वाहरूभाऊ, शिकार तुन्ही कुत्री करस का तो पट्टा करस?"

लोक हसले.

"मन्ही लाखी वाघलेबी भ्यात नही," वाहरू म्हणाला.

"मंग पट्टा काढीसन आन. नही ते तो वाटा लोहारले दे!"

म्हातारेसुद्धा हसले. एकाने तर मान डोलावली, की बरोबर आहे, लोखंड घालणाऱ्या कुत्रीला वाटा कशाला?

सकाळी लाखी नेहमीप्रमाणे माझ्याखाली येऊन मान वर करून उभी राहिली. वाहरूने खुंटीकडे पाहिलेच नाही. कालीबाई दारात आडवी आली. "बांध तिले. लोके हासतस ते हासू दे."

"बाजू सरक," तो म्हणाला.

लाखी जाईना. माझ्याकडे पाहत राहिली. त्याने तिच्या बरगडीत लाथ मारली. तशी ती गेली.

दुपारी तिला घोंगडीत घालून आणले. डुक्कर तिनेच आधी धरले होते. ते पडल्यावर ती धापा टाकत नाल्याकडे पाण्याला उतरली, आणि तिथे दबा धरून बिबट्या बसला होता. त्याने तिला गळ्यालाच धरले. आरोळ्या ऐकून त्याने सोडली, पण सोडण्यासारखे काही उरले नव्हते. श्वास तोंडातून येत नव्हता, मानेच्या भोकातून येत होता.

वाहरूने तिला माझ्याखालीच ठेवले. तिने मला पाहिले आणि मान वर करू लागली. तेवढ्याने रक्त भळभळून आले. ती तरीही करीत राहिली. वाहरूने कुऱ्हाड उलटी धरली. दोन घाव घालावे लागले.

थोड्या वेळाने आमशा पळसाच्या पानावर मांस घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "ले भाऊ. हाऊ लाखीना वाटा. आते कोनी भांडाव नही."

वाहरूने तो घेतला. शिजवला. खाल्ला. कालीबाईने हात लावला नाही. मग त्याने मला खुंटीवरून ओढले आणि वाशामागे कोंबले.

आमशा आता नाही. वाहरू सोडून त्या शिकारीतले कुणीच नाही. वाहरू म्हातारा झाला आहे. नातवंडांना तो लाखीची गोष्ट सांगतो, सांगताना खरेच रडतो. "तिनासारखी कुत्री व्हनार नही," म्हणतो. "ऐन येळले पट्टा तुटी गया, पोरी. लोहार लबाड निंघना."

परवा नात फुलीने विचारले, "आबा, तो तुटेल पट्टा कोठे शे?"

"फेकी दिधा," तो म्हणाला.

कालीबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिने वाशाकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे.  आणि ती पुन्हा पाखडू लागली.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचा जीव चारचौघांच्या हसण्यावर लावू नका. त्या मुक्या जनावराने लाथ खाऊनही तुमचेच ऐकलेले असते. आणि चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने सांगा. लाखीला वाहरूने माझ्यावाचून नेले, हे मला सहन झाले. पण ती मेली ती माझ्यामुळे, असे तो पोरीला सांगतो, आणि पोरीला ते खरे वाटते.