निशाणाचे कोपरे

"तान्नेके, अगं जरा एका जागी बसशील का? सकाळपासून खिडकीशी खेपा घालतेयस. गिऱ्हाईक संध्याकाळी निशाण न्यायला येणार, त्याला काय तुझं येणं-जाणं बांधून देऊ?" दुकानाचा मालक योस करवादला.

"बसून शिवलं काय नि उभ्यानं शिवलं काय, टाका तोच पडतो," तान्नेके म्हणाली, आणि पुन्हा खिडकीशी गेली.

माळ्याच्या त्या खिडकीतून फ्लिसिंगेन या डच बंदराचा अख्खा धक्का दिसायचा. खाली पिंपांच्या राशीपाशी गिलिस उभा होता, भोवती पाच-सहा माणसं. काल दुपारी तो परत आला, तिच्या मुलाच्या जहाजावरचा, साऱ्यांनी मेला समजलेला माणूस. साऱ्या गावाला भेटला. तान्नेकेच्या दारावरून मात्र मान खाली घालून पुढे गेला. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

योसच्या दुकानात जहाजाला लागेल ते मिळे. खाली दोरखंड, डांबर, कंदील. वर माळ्यावर शिडं आणि निशाणं. निशाणांचं काम तान्नेकेचं. नवरा बुडाला त्या वर्षी तिनं सुई हातात धरली ती आजतागायत. जगातल्या झाडून साऱ्या राजांची निशाणं तिनं या माळ्यावर मांडी घालून शिवली होती. कारण दर्यावर खरं निशाण लावतो कोण? इंग्रज दिसला की इंग्रजाचं चढवायचं, फ्रेंच दिसला की फ्रेंचाचं. साखरेचा सभ्य व्यापारी असो की समुद्री चाचा, खोट्या निशाणांची पेटी दोघांच्याही जहाजावर सारखीच. कुणाला कशाला हवं, हे योस विचारत नसे, आणि तान्नेकेही नाही. पोटाला असल्या चौकशा परवडत नाहीत.

पण काम तिचं एक नंबर! वारा निशाणाला शेपटाकडून, म्हणजे मोकळ्या टोकाकडून खातो. म्हणून तान्नेके शेपटाच्या दोन्ही कोपऱ्यांना दुहेरी कापडाचं तिकोनी ठिगळ लावायची. इतरांच्या निशाणांच्या चिंध्या व्हायच्या, तिचे कोपरे ताठ राहायचे. अशी शिवण गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. तिचा एकुलता एक लेउनिस लहान असताना धक्क्यावर नाचायचा, "आई, ते बघ, तुझं निशाण! आपली माणसं आली!" जहाज बोटाएवढं दिसत असायचं, पण पोरगं कधी चुकलं नाही.

त्या लेउनिसला जाऊन आता सहा-सात महिने झाले होते. सुरिनामची साखर घेऊन येणारं 'तिघी बहिणी' जहाज चाच्यांनी धरलं, निम्मे खलाशी मारले, उरलेल्यांचा पत्ता नाही, ही बातमी हिवाळ्यातच आली. बातमीच्या मागोमाग दुसरी कुजबुज आली. डोलकाठीवर टेहळणीला लेउनिस होता म्हणे, आणि तो झोपला. पहिल्यांदा हे कोण बोललं देव जाणे. पण पाण्याच्या पंपावर, मासळीबाजारात, चर्चच्या दारात तेच. शेजारची माट्जे तर तोंडावर म्हणाली होती, "माझा बाउदेवाइन गेला, कारण हिच्या लाडक्याला डुलकी लागली." तिचा नवरा त्याच जहाजावर खलाशांचा तांडेल होता. तिला उलटून काय बोलणार? पोर गेल्याचं दुःख रडता येतं. पोराच्या नावाला लागलेला हा डाग रडून धुतला जात नव्हता.

तिनं सुई कापडात खोचली आणि तरातरा जिना उतरली.

तिला येताना पाहून गिलिस तोंड चुकवायला लागला.

"थांब! माझ्या घरी ताकातली पेज ओरपून मोठा झालास आणि आता मला ओळख देत नाहीस?"

"मावशी, तसं नाही हो…"

"एकच विचारते. झोपला होता?"

गिलिसनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "सोडा ना मावशी. गेला तो सुटला."

"तो सुटला, मी नाही. झोपला होता का?"

"नाही." गिलिस पाण्याकडे बघत म्हणाला. "लख्ख सकाळ होती. सगळ्यात आधी जहाज त्यालाच दिसलं."

"मग गावाला हे सांगत का नाहीस रे?"

"पुढचं सांगावं लागेल म्हणून."

"मग सांग."

"आपलंच निशाण होतं त्याच्यावर, तांबडं-पांढरं-निळं. कप्तान म्हणाला, खोटं असेल, तोफा तयार ठेवा. लेउनिसनं दुर्बीण लावली. वरूनच हसत ओरडला, 'तोफा कसल्या, पेले भरा! घरची माणसं आहेत. कोपरे बघा, माझ्या आईच्या हातचं आहे!' त्याची नजर आम्हाला ठाऊक होती. आम्ही तोफा झाकल्या. जवळ येईपर्यंत हात हलवत होतो, मावशी. त्यांचे आकडे आमच्या कठड्यात अडकले तेव्हा कळलं. लेउनिस सरसर खाली आला, कुऱ्हाड उचलली, आणि सगळ्यांत पुढे झाला. तोच पहिला पडला."

तान्नेके धक्क्याच्या दगडावर खाली बसली. तिला ते निशाण आठवत होतं. आदल्या शरद ऋतूत शिवलेलं. गिऱ्हाइकाला घाई होती, तरी कोपरे तिनं सोडले नव्हते.

"माझा हात ओळखला त्यानं," ती म्हणाली.

ती माळ्यावर परतली तेव्हा योसला सगळं कळलेलं होतं. दुकानाच्या दारातून त्यानं गिलिसचं सारं ऐकलं होतं.

"हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "झालं ते वाईटच झालं. पण चाच्यांना निशाणं आपण विकली असं बाहेर गेलं, तर माझं दुकान जाईल नि तुझी भाकरी. लोक आज ना उद्या विसरतील. झोप लागली म्हणतात, म्हणू देत. झोप काय कुणालाही लागते."

"त्याला लागली नव्हती."

"अगं, मेलेल्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो ना!" ती इतक्या जोरात ओरडली की खालचं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. "जन्मभर कापड कापून पोसला त्याला, योस. नाव तेवढं उरलंय त्याचं."

रविवारी चर्च सुटलं. बायका पायरीवर घोळका करून उभ्या होत्या, मध्ये माट्जे. तान्नेके थेट तिच्यासमोर गेली.

"माझा लेउनिस झोपला नव्हता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चाच्यांनी लावलेलं निशाण मी शिवलं होतं. त्यानं माझे कोपरे ओळखले आणि विश्वास ठेवला. बोल लावायचा तर मला लावा. त्याला पुन्हा झोपाळू म्हणायचं नाही."

माट्जे बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली, मग पाठ फिरवून चालू लागली. त्या दिवसापासून लेउनिसला कुणी झोपाळू म्हटलं नाही, आणि तान्नेकेशी पंपावर कुणी बोललंही नाही. योसनं तिला कामावरून काढलं नाही, कारण तिच्यासारखं शिवणारं दुसरं मिळेना. पण तिनं कोपऱ्यांना ठिगळ लावणं बंद केलं. "दोन वादळांत फाटेल गं हे," तो कुरकुरायचा. "फाटू दे," ती म्हणायची.

उन्हाळ्यात एका सकाळी धक्क्यावर ओरडा झाला. सुरिनामकडचं जहाज! बायका झगे सावरत धावल्या. तान्नेकेही गेली, सवयीनं, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. लांबवर तांबडं-पांढरं-निळं निशाण फडफडत होतं, जुनं, विटकं, पण दोन्ही कोपरे ताठ.

"आपलीच माणसं!" कुणीतरी आनंदानं ओरडलं आणि मध्येच गप्प झालं. एकेक करून सगळ्या बायका मागे वळल्या आणि तान्नेकेकडे बघायला लागल्या.

माट्जे गर्दीतून मागे आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"तुझंच ना गं?"

"माझंच," तान्नेके म्हणाली. "पण माणसं दिसू देत."

मग कुणीच हात हलवला नाही. जहाजावरचे चेहरे ओळखू येईपर्यंत सगळ्या जणी वाऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.