आवाज वगळून

"चाची, सरळ बसा. आत्ता दिसतील," म्हणत अद्नानने अजराचाचींच्या ओढणीवरूनच हेडफोन चढवला.

सौदीत, दम्माममध्ये, त्यांचे नवरे हुसेनचाचा मित्राच्या दुकानात कॅमेऱ्यासमोर बसले होते. तिथून थेट इस्पितळात जायचं, उद्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी एकदा बोलून घेऊ, असा चाचांचा निरोप होता. मिऱ्या गावातल्या चाचींच्या घरचा फोन बंद, म्हणून त्या रत्नागिरीत अद्नानच्या सायबर कॅफेत आल्या होत्या.

२००४ सालची गोष्ट. बाकीचे कॅफेवाले मशीनमध्ये लिनक्सची तयार सीडी घालून चहाला जात; येईतो मशीन सुरू. अद्नानला असलं फुकटचं सुख पचत नसे. तो मूळ कोड आणून एकेक भाग आपल्या मशीनवर घडवायचा, हवं ते ठेवायचा, नको ते छाटायचा. त्यात दिवस जात, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. बायको समरीन म्हणायची, "तुमाला भात जेवायचा तर आधी तरवा पेरायला बसाल." त्याला ती स्तुती वाटे.

छाटण्याची तर चटकच लागली होती. छपाई गेली, खेळ गेले. पोरं गाणी लावून कालवा करतात म्हणून आवाजही गेला. मशीन कसं हलकं झालंय, हे तो गिऱ्हाइकाला उभं करून ऐकवायचा. उरलेलं शेवटचं मशीनही त्याने याच आठवड्यात तसं केलं होतं.

पडद्यावर चाचांचे ओठ हलू लागले. चाची हेडफोन दाबून ऐकू लागल्या.

"कायच येत नाय रे."

अद्नानने वायर हलवली, पिन काढून घातली आणि मग त्याला आठवलं.

चाचांना कॅफेच्या फोनवर फोन करायला सांगायचं आणि लाइन मोकळी करायला नेट तोडायचं, एवढं सोपं होतं. पण स्वतः घडवलेल्या मशीनपुढे हात टेकायचे? आवाजाचा भाग तेवढा आत्ता बसवतो, म्हणून तो आज्ञा टाइप करत राहिला. "होतंय चाची, होतंय." अक्षरं सरसर धावत होती. बाजूच्या चौकटीत चाचा बोलत होते, मध्येच हसत होते, डोळे पुसत होते. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा कुठे अद्नानने लिहिलं, फोन करा.

तिकडून मित्राचं उत्तर आलं.

"काय म्हनतात?" चाचींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण त्याने आलं तसं सांगितलं. "गाडी उभी आहे, निघतायत. विचारतात, तुम्हाला सगळं ऐकू आलं ना."

चाची चौकटीकडे बघत राहिल्या.

"लिव, सगला ऐकला म्हन."

त्याने लिहिलं. चाचांनी वाचलं, मान हलवली आणि ते उठले. चौकटीत खुर्ची उरली.

चाचींनी हेडफोन उतरवला. कानांवर दाबून घामेजलेल्या त्याच्या गाद्या ओढणीच्या पदराने नीट पुसल्या, वायर गुंडाळली आणि तो होता तिथे ठेवला.