तीस सेकंदांचा दम

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावलं आणि फरशीवर खडूने कबड्डीचं मैदान काढलं. रविवारी सकाळी त्यांना व्यावसायिक लीगच्या नव्या पंचांचा पहिला वर्ग घ्यायचा होता. ते सांगत होते, मी टाइप करत होते. मला या खेळातलं फारसं कळत नाही, म्हणूनच या कामाला मी बरी, असं त्यांचं मत होतं. तुला कळलं की कुणालाही कळेल, म्हणायचे.

खरं मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. चढाई करणाऱ्याने ती रेषा ओलांडण्याआधी दम सुरू करायचा, म्हणजे 'कबड्डी, कबड्डी' म्हणू लागायचं, आणि परत येईपर्यंत त्याच एका श्वासात म्हणत राहायचं. त्यासाठी तीस सेकंद. समोर सात जण. समोरच्यांच्या हद्दीतली पहिली आडवी रेषा म्हणजे 'निदान रेषा'; कुणाला न शिवता आणि तीही न ओलांडता परतला तर बाद. सहा किंवा सात जण समोर असताना तिच्यापलीकडची बोनस रेषा गाठली तर एक गुण. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाहेर बसायचं.

"आणि फरशी पुसायला सातही जण येणार आहेत का?" आईने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

बाबा हसले आणि हसता हसता टेबलाला धरून उभे राहिले. ते आईने पाहिलं नाही. मी पाहिलं.

गेल्या वर्षी जिना चढताना त्यांना धाप लागली, तेव्हापासून आईने डॉक्टरांकडे जाण्याचा धोशा लावला होता. शेवटी बाबांनी तडजोड काढली. रोज संध्याकाळी ते दम धरतील, मी घड्याळ लावीन. तीस सेकंदांच्या आत दम तुटला तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांकडे जातील आणि मैदानात उतरणं बंद करतील. दुसऱ्या कुठल्या घरात हे कुणी ऐकून घेतलं नसतं. आमच्या घरात तिघांनीही ते गंभीरपणे मान्य केलं, कारण आमच्या घरात चाळीस वर्षं माणूस धडधाकट आहे की नाही ते असंच ठरत आलं होतं.

श्वास कसा ऐकायचा ते त्यांनीच मला शिकवलं. दमणारा माणूस दोन शब्दांच्या फटीत चोरून घोटभर हवा आत घेतो. बऱ्याचदा त्याचं त्यालाही कळत नाही. "म्हणूनच पंच लागतो," ते म्हणायचे. "खेळणारा खोटं बोलत नाही गं. त्याला ऐकूच येत नाही."

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी चोविसाव्या सेकंदाला मला ती हवा ऐकू आली. बाबा तिसापर्यंत म्हणत राहिले आणि मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुटला?" मी नाही म्हणाले. आधी ठरवून नव्हे, तोंडून निघून गेलं. मी वाचनालयात काम करते, हृदयविकारावरची दोन पुस्तकं वाचून ठेवली होती. पुढे काय काय निघू शकतं ते मला पानांसकट माहीत होतं. मी बोलले की ते सुरू होईल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बोलायचं, तर आदल्या दिवशीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. मग एकवीस झालं. मग अठरा. त्या शनिवारी दम चौदाव्या सेकंदाला तुटला आणि मी म्हणाले, "पूर्ण."

आईने ऐकलं आणि निवांतपणे कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

रविवारी मीही सभागृहात गेले. मॅट नुकतीच अंथरलेली होती, नव्या रबराचा वास येत होता. बाबांचे जुने सहकारी तिथे होते, ज्यांना सगळे शिट्टीकाका म्हणत. ते म्हणाले की तुझ्या बापाला आवरून काही उपयोग नाही, प्रात्यक्षिक तो स्वतःच करणार. आणि त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. सात शिकाऊ पंच हात धरून उभे राहिले. बाबांनी मॅटला हात लावून नमस्कार केला आणि दम धरून मध्यरेषा ओलांडली.

नवव्या सेकंदाला तुटला. मला स्वच्छ ऐकू आलं. पंचाने तिथल्या तिथे दम तुटल्याचं सांगून चढाई थांबवायची असते, तोच पहिला नियम मी आदल्या दिवशी टाइप केला होता. शिट्टीकाका पलीकडच्या टोकाला होते, शिकाऊ मुलं एकमेकांना ओरडून सूचना देत होती. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. अकराव्याला पुन्हा. पंधराव्याला पुन्हा. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. माझा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता आणि मी ते दाबलं नाही. ते कोपऱ्यातल्या मुलाच्या दंडाला शिवले, वळले, अठ्ठाविसाव्याला रेषेच्या अलीकडे आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुटला?"

"नाही," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. बाबा बाकावर बसले आणि पंचाने कुठे उभं राहावं ते सांगू लागले. वाक्य अर्धंच राहिलं. रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांना उचलण्यासाठी सातही जण पुढे झाले.

बाबा गेल्यावर कितीतरी दिवस भेटायला माणसं येत होती. आई सगळ्यांना एकच सांगायची की यांचा दम शेवटपर्यंत तुटला नाही, लेकीने स्वतः घड्याळ लावलं होतं. शिट्टीकाका म्हणाले की नव्या पंचांना ते यापुढे दरवर्षी ही गोष्ट सांगणार. मी चहाचे कप गोळा करत होते. तीन आठवडे मी कपच गोळा करत होते. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज आईचा चेहरा बघून मी कप घेऊन आत जायचे. तिच्याकडे धरून राहायला तेवढंच उरलं होतं.

काल दुपारी आम्ही दोघीच होतो. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "निदान त्रास तरी काही नव्हता त्यांना. नाहीतर तुला कळलंच असतं."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आई, मला कळत होतं. दोन महिने रोज दम तुटत होता. त्या दिवशी नवव्या सेकंदाला तुटला. त्यांनी मला विचारलं आणि मी नाही म्हणाले."

तिचे हात थांबले.

"का गं?"

"मी घाबरले होते," मी म्हणाले. "मी फार घाबरले होते, आई."