गुळाचा खडा

“लिंबाजी, गूळ घेतल्याबिगर जाऊ नको बरं,” व्यंकटरावांनी आवाज दिला.

झरी गावातल्या त्यांच्या लाकूड कापायच्या आरामशिनीवर ही रीतच होती. संध्याकाळी मशीन थांबली की मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळानं दिवसभराचा भुसा घशाखाली उतरतो, असं त्यांचे वडील सांगत, म्हणून तेही सांगत. माणूस वाईट नव्हता. स्वतःही रोज खायचा. लिंबाजीनं सव्वीस वर्षं बाभूळ, लिंब, सागवान कापलं आणि सव्वीस वर्षं गूळ खाल्ला. तोंडाला रुमाल बांधला की म्हणे जीव गुदमरायचा. नाकापुढचा भुशाचा ढग मात्र त्याला चालायचा!

आता चार पावलं टाकली की धाप लागत होती. रविवारी लेकीचं, बबिताचं लग्न होतं. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात त्रिसरण-पंचशील लिंबाजीच सांगायचा. तो खड्या आवाजात एक ओळ म्हणायचा, मंडप मागून म्हणायचा. लेकीच्या लग्नातही आपणच सांगायचं, एवढी एकच हौस त्याला उरली होती. त्यासाठीच बायको, गीताबाई, त्याला परभणीला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी त्याला एका नळीत तीनदा फुंकायला लावलं.

“काम काय करता, काका?”

“आरामशिनीवर हाय. पर रोज गूळ खातो, म्याडम. एक दिवस बी चुकवला न्हाई.”

बाईंनी नळी बाजूला ठेवली. “काका, गूळ पोटात जातो. भुसा छातीत गेलाय.”

“मंग औषधानं निघंल की?”

“दम थोडा कमी होईल. पण फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत. ते काम सोडा आता.”

परतीच्या बसमध्ये गीताबाई म्हणाली, “किती येळा म्हणले तुमाला, रुमाल बांधा.”

“आता कशाला बोलायलीस,” लिंबाजी म्हणाला. त्याला फसवल्यासारखं वाटत होतं. पण फसवलं म्हणावं तर कुणी? मालकाचा बापसुद्धा खोकून खोकूनच गेला होता.

रविवारी मंडपात मेणबत्त्या लागल्या. पांढऱ्या साडीतली बबिता हात जोडून उभी राहिली. लिंबाजीनं पहिली ओळ म्हटली, मंडपानं मागून म्हटली. दुसरी अर्ध्यावर तुटली. छातीतून नुसती शिट्टी निघाली. सगळे हात जोडून त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. लेकीसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बायकांमधून गीताबाईचा आवाज आला. जन्मभर ती मागूनच म्हणत आली होती. तिनं तुटलेली ओळ होती तिथून उचलली आणि पुरी केली. मंडप तिच्या मागून म्हणू लागला.

लिंबाजीही म्हणू लागला. आवाज फुटत नव्हता. ओठ मात्र एकाही शब्दाला चुकत नव्हते.