डाग न धरणारा शर्ट

सुखदेवांनी सरकारी कचेरीतली अख्खी नोकरी कांजी केलेल्या पांढऱ्याशुभ्र शर्टात केली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी थोडा आवरला. पण जेवताना हमखास दगा द्यायचा. वरण थेट छातीवर! तेव्हापासून त्यांनी चारचौघांत जेवणंच सोडलं. कुणी आग्रह केला की "पोट बरं नाही" असं ठोकून द्यायचे. अख्खं वारजे त्यांच्या पोटाची चौकशी करत होतं.

त्यात लेकीचं, आम्रपालीचं, लग्न ठरलं.

"विधीला मी आहे. पंगतीत मला धरू नका," त्यांनी बायकोला, नंदाबाईंना, बजावलं.

आम्रपालीला हे फार लागलं. कापडावरच्या नॅनो-लेपांचं संशोधन हेच तिचं काम. तिने प्रयोगशाळेतून एक पांढरा शर्ट तयार करून आणला.

"पप्पा, याच्या धाग्यांवर सिलिकाचे कण बसवलेत, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. अळवाच्या पानावर पाणी टिकत नाही ना, तसं यावर काहीच टिकत नाही. तेलसुद्धा. लग्नात माझ्या शेजारी बसून जेवायचं."

सुखदेवांनी आधी सवयीने शर्ट कांजीत बुडवला. सगळी कांजी घरंगळून परत बादलीत.

"कांजी धरत नाही तो शर्ट कसला?" ते वैतागले.

"अहो, वरण धरत नाही ना? मग बास झालं," नंदाबाई म्हणाल्या.

धायरीच्या विहारात लग्न थाटात लागलं. सुखदेव त्या मऊ, बिनकांजीच्या शर्टात लेकीशेजारी जेवायला बसले. दुसऱ्या बाजूला विहीणबाई, इंदुबाई, नव्याकोऱ्या पांढऱ्या साडीत. पहिल्याच घासाला वांग्याचा रस्सा छातीवर पडला, गोल थेंब होऊन घसरला, शर्टावर डागही नाही! सुखदेव लहान मुलासारखे खूश झाले. मग वाटीच कलंडली. रस्सा शर्टावरून सुसाट निघाला आणि इंदुबाईंच्या मांडीवर जाऊन पसरला.

पंगतीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. सुखदेवांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याला वर्षभर भ्यायले, ते लेकीच्या लग्नात, तेही तिच्या सासूच्या साडीवर घडलं होतं. ते उठू लागले.

इंदुबाईंनी डागाकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, थरथरणाऱ्या हाताकडेही पाहिलं.

"व्याहीबुवा, सरकारी नोकरीत होतात ना? तरीच. स्वतःच्या अंगाला काही लावून घ्यायचं नाही, सगळं शेजारच्या टेबलावर." मग वाढप्याला हाक मारली, "अहो, यांना रस्सा वाढा. आमची साडी एकदा खराब झालीच आहे, आता पोटभर जेवू द्या."

आधी नवरदेव रोहनला हसू फुटलं, मग सगळ्या पंगतीला. सुखदेव इतके हसले की पुढचा घासही सांडला. त्या दिवशी त्यांनी तीनदा रस्सा घेतला.

पुढच्या रविवारी इंदुबाईंनी जेवायला बोलावलं. आम्रपालीचा शर्ट कपाटातच राहिला. सुखदेव आपला जुना, कडक कांजीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी छातीवर पिवळाधमक डाग घेऊन परतले. नंदाबाईंनी साबण शोधायला घेतला.

"थांब गं, इतक्यात धुऊ नको," खुर्चीत ऐसपैस बसत ते म्हणाले. "आमटी काय झाली होती!"