जसिंताचं मरियेचं काम

सिस्टरांच्या कन्याशाळेत ख्रिस्तजन्माचा देखावा बसवायचा तो ब्रिजिता टीचरनंच, असं सव्वीस वर्षं चाललं होतं. यंदा मात्र किनाऱ्यावरच्या एकाही घरापुढे कागदी तारा लागला नव्हता. नोव्हेंबरातल्या वादळात गावातले अकरा जण होड्यांसकट बेपत्ता झाले होते. त्यांतला एक म्हणजे आठवीतल्या जसिंताचा बाप, सिल्वदासन.

मरियेच्या कामासाठी जसिंताची निवड वादळाआधीच झाली होती. सिस्टर रेजीना म्हणाल्या, "टीचर, मुलगी बदला. घरात असं झालेलं असताना तिला नटवायचं, बरं दिसत नाही."

ब्रिजिता सांगायला गेली तर पोर उसळलीच. "काय झालंय आमच्या घरात? अप्पाला मेलेला कुणी बघितलाय का? आईनं अजून चर्चमध्ये त्याच्या नावानं मेलेल्यांसाठीची मिस्सासुद्धा सांगू दिलेली नाही. तुम्हालाच घाई झालीय होय, टीचर?"

ब्रिजितानं मग सिस्टरांशी वाद घालून तिचं काम राखलं.

कार्यक्रम बावीस तारखेला सकाळी होता. हॉल गच्च भरला होता. जसिंतानं बाळ उचललं, तेवढ्यात चर्चचा सेवक लोपस मागच्या दारानं विंगेत ब्रिजिताजवळ आला.

"सिल्वदासन सापडला," तो कुजबुजला. "जिल्ह्याच्या इस्पितळात ठेवलाय. हातावर क्रुसाचं गोंदण आहे, म्हणून तोच म्हणतात. ओळख पटवायला जसिंताच्या आईला नेतायत. ती गाडीत बसलीय, पोरीला बोलावतेय."

"तीन आठवडे पाण्यात होता रे तो. पोरीनं काय बघायचं?"

"आई बोलावतेय, टीचर."

"एवढं गाणं होऊ दे. दहा मिनिटं थांब."

"गाडी पोलिसांची आहे. ती कशाला थांबतेय?"

ब्रिजिता जागची हलली नाही. बाहेर दोनदा हॉर्न वाजला, मग गाडी गेल्याचा आवाज आला. स्टेजवरून जसिंतानं, बरं चाललंय ना, अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं. ब्रिजितानं मान डोलावली. पोर खुलून गायला लागली.

टाळ्या थांबल्यावर ब्रिजितानं तिला आत नेऊन सगळं सांगितलं. जसिंता रडली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू बाळ उचललंस तेव्हा."

"आणि तुम्ही मान डोलावलीत."

ती तशीच, मरियेच्या झग्यात, रस्त्यावर धावली. बस तासाभरानं आली. ती इस्पितळात पोचेपर्यंत पेटीला खिळे ठोकून झाले होते. उघडायला कुणी तयार होईना. त्याच संध्याकाळी चर्चमागच्या वाळूत त्याला पुरलं.

"बरं झालं तू नव्हतीस," आई म्हणाली. "चेहरा असा राहिलाच नव्हता."

जानेवारीत शाळा उघडली, पण जसिंता आली नाही. ब्रिजितानं पाद्रींपुढे पाप कबूल केलं. ते म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता. तिला काही बरं वाटलं नाही.

एका सकाळी ती होड्या लागतात तिथे गेली. जसिंता पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी होती.

"शाळेत चल, पोरी."

"गोंदण आईनं बघितलं, मी नाही," जसिंता म्हणाली. तिचे डोळे समुद्राकडेच होते. "निम्म्या गावाच्या हातावर क्रूस आहे, टीचर. मी कुणावर विश्वास ठेवू? तुमच्यावर?"

पहिली होडी वाळूला लागली. जसिंता पुढे झाली आणि उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड न्याहाळू लागली.