घरचीच नापास

माझ्या पोटच्या पोराने मला परीक्षेत नापास केलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या निकालापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. "वाढलंय", "दार लाव", बस. तोही बापासारखाच घुम्या. "बरं" म्हणायचा आणि जेवायला बसायचा. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

आमच्या घराच्या तळमजल्यावर धर्मशिक्षणाचं विद्यालय आहे. टपालाने धडे पाठवायचे आणि टपालानेच उत्तरं मागवायची. ह्यांनी ते सुरू केलं, हे गेल्यावर मुलगा चालवतो. हल्ली धडे फोनवरही ऐकता येतात. विद्यार्थी कोण, तर रात्रपाळीच्या नर्स, ट्रक चालवणारे, तुरुंगातला एक पहारेकरी, आणि मी. अभ्यास पुरा झाला की इस्पितळात, तुरुंगात, खचलेल्या माणसांना धीर देण्याचं काम त्यांना मिळतं. पण यंदा नवा नियम आला. मान्यता असलेल्या विद्यालयाचंच प्रमाणपत्र चालणार. मान्यता हुकली, तर या सगळ्यांची मेहनत पाण्यात आणि आमच्या दाराला कुलूप.

तपासणीला दोघं आले. मान्यता समितीच्या अध्यक्षबाई आणि सोबत एक किडकिडीत गृहस्थ. घरात शिरल्यापासून या गृहस्थांचं नाक असं वाकडं, की जणू काही तरी नासलंय. सुनेने पुसून लख्ख केलेल्या पुस्तकांच्या कपाटांवरूनही त्यांनी बोट फिरवून पाहिलं. धूळ मिळाली नाही, तर हिरमुसले बिचारे.

"अशी विद्यालयं गल्लोगल्ली झालीत," खुर्चीत टेकत ते माझ्या मुलाला म्हणाले. "पैसे भरा, प्रमाणपत्र घरपोच. तुमच्याकडे कधी कुणी नापास होतं का?"

"होतात की. दर वर्षी होतात."

"कागदावर काय, कुणीही दाखवेल. एखादा नापास समोर आणता येईल?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"विद्यार्थ्याचा निकाल आम्ही परक्याला सांगत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे नाहीच कुणी," असं म्हणत गृहस्थांनी वही मिटायला घेतली.

नुसतं "आई, इकडे ये" म्हणाला असता तर काम झालं असतं. पण नाही! विद्यालय बुडालं तरी चालेल, आईची लाज झाकायची. माझा राग विरघळला असेल असं कुणाला वाटलं, तर चूक. उलट जास्तच भडकला.

"मी आहे नापास," म्हणत मी ट्रे टेबलावर आदळला. "दोनदा झालेय. आणि हा माझा मुलगा!"

ट्रेमधलं एक बिस्किट उडून गृहस्थांच्या चहात बुडालं ते बुडालंच.

"आई, नको ना..."

"तू गप्प बस. नाव झाकून पेपर बाहेरच्या परीक्षकांकडे जातात, तिथे माझे तीन गुण कमी पडले. तेवढे वाढवायचा अधिकार मुख्याध्यापकाला असतो. कुणी शेजाऱ्याच्या पोरालाही दिले असते. या पठ्ठ्याने आईला दिले नाहीत!"

अध्यक्षबाई पुढे सरकल्या. "का हो नाही दिलेत?"

मुलाने ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाला, "प्रश्न होता, क्षमा म्हणजे काय, स्वतःच्या अनुभवातून लिहा. आईने बाबांचं व्याख्यान उतरवलं. दोन्ही वेळा, शब्दही इकडचा तिकडे नाही. वाचताना मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. पण त्यात आई कुठेच नव्हती."

हे तो मला कधी बोललाच नव्हता. बोलणार कसा, मी बोलू दिलं असतं तर ना! डोळे पुसायला हात वर केला, तर हातात साखरेचा चमचा.

"मावशी," अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग आता सांगा. क्षमा म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक! दोन महिने याच्याशी धड बोलले नाही मी. रोज ठरवायचे, आज बोलू. याचं तोंड दिसलं की पुन्हा डोक्यात तिडीक जायची. पण याचा चहा रोज मीच करत होते, आणि याला आवडतो तसाच, कमी साखरेचा. तसंच असेल बाई. हात आधी माफ करतात, तोंड मागून येतं."

मग बाईंनी मुलाला विचारलं, "याला किती गुण द्याल?"

"परीक्षेत लिहिलं तर सांगेन," तो म्हणाला.

आम्ही सगळेच हसलो. किडकिडीत गृहस्थही हसले, आणि हसताना बरे दिसत होते. मग त्यांनी जुने पेपर काढून घेतले, स्वतः निवडून विद्यार्थ्यांना फोन लावले. एका ट्रकवाल्याने तर गाडी कडेला घेऊन धर्मावर त्यांच्याशी एवढा वाद घातला, की शेवटी गृहस्थांनीच हात टेकले.

महिन्याभराने मुलगा एका पायात चप्पल घालून जिना चढत आला. "मिळाली! आई, मान्यता मिळाली!" त्याने मला उचललंच. सून एकीकडे रडत होती आणि एकीकडे टाळ्या वाजवत होती. खाली फोन थांबायचं नाव घेईना.

"तुझ्यामुळे झालं गं," मला खाली ठेवत तो म्हणाला. "पण चारचौघांत नापास म्हणून सांगताना तुला किती लाज वाटली असेल."

"लाज कसली?" मी म्हटलं. "अरे, कालपर्यंत मी नुसतीच नापास होते. आजपासून मान्यताप्राप्त विद्यालयातली नापास आहे!"